पहिल्या चहाआधीचे आभार

अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की, मुळशी धरणाच्या वाटेवर सकाळचा पहिला चहा प्रार्थनेशिवाय मिळत नाही. टपरीवाली ख्रिस्ती बाई रोज डोळे मिटून मोठ्याने म्हणते, "प्रभू, काल दूध नासलं नाही, नातीचा ताप उतरला. तुझी कृपा." आम्ही ताटकळतो. एक आजोबा कुरकुरतात, "ताई, देवाला म्हणावं उरका, म्हस खोळंबलीया."

घशाच्या ऑपरेशननंतर बाई महिन्याने परतली. आवाज पुन्हा येईल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. तिने सवयीने डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द उमटला नाही. तेवढ्यात आजोबा हात जोडून बोलून गेले, "येशूबाबा, हिचा आवाज येस्तवर आमीच सांगतो. ताई परत आली, लई उपकार झालं."