कुरडयांचे शेवटचे पाकीट

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगतो. नाही तर हसता हसता तुमच्या अंगावर सांडेल आणि तो दोषही माझ्याच पदरी येईल! जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाने एखाद्याचे चालते दुकान कसे बुडवावे, याचा वस्तुपाठ मी घालून दिला आहे.

नांदेडला आमच्या शेजारी कांताताई वाघमारे राहतात. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. उन्हाळ्यात तीन मैत्रिणींना जमवून त्या गच्चीवर गव्हाच्या कुरडया घालतात, चटण्याही करतात. त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, यंदा पुण्यात बसून त्यांना ऑनलाइन दुकान उघडून दिले. प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. त्यामुळे ऐन श्रावणात कांताताई किनवटकडच्या एका खेड्यात बहिणीकडे निघाल्या, तेव्हा दुकानाचा पासवर्ड विश्वासाने माझ्या हाती आला.

प्रज्ञाने फोनवर समजावले, "सर, मागण्या आईच्या फोनवर जातात. तुम्हाला फक्त साठ्याचा आकडा दिसेल. पाकीट विकलं की तो आपोआप कमी होतो, शून्य झाला की विक्री थांबते. मैत्रिणींनी चटणीची नवी पाकिटं आणून दिली, तर तेवढा आकडा वाढवा. बस्स!"

किती सोपे, नाही का?

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कुरडयांपुढे शून्य! माझ्या अंगावर काटाच आला. आमच्या घरी कोणताही डबा तळ दिसेपर्यंत रिकामा करत नाहीत; मूठभर तरी मागे ठेवतात. 'संपले' हा शब्द तर स्वयंपाकघरात निषिद्ध, 'वाढले' म्हणायचे. आणि इथे माहेरवाशिणीसारख्या बहिणीकडे गेलेल्या बाईच्या दुकानात शून्य? मी स्नान करून आलो आणि भक्तिभावाने तिथे एक लिहिला. तो विक्रीचा एक नव्हता हो, शकुनाचा होता! पण हे यंत्राला कोण सांगणार?

घटकाभराने पुन्हा शून्य. मी पुन्हा एक लिहिला. पुन्हा शून्य! यंत्राच्या या उद्धटपणाचा मला संताप आला.

"अहो, कुणाशी भांडताय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"शून्याशी!"

"मग जेवून भांडा."

दोन दिवस हे द्वंद्व चालले. मला काय कल्पना, की मी एक लिहिला रे लिहिला, की तिकडे गिऱ्हाइकांना लाल अक्षरांत 'फक्त एकच शिल्लक! त्वरा करा!' असे दिसत होते, आणि लोक खरोखरच त्वरा करत होते! शेवटी यंत्राची खोड मोडावी म्हणून मी एकदम अकरा लिहिले. तेही संध्याकाळपर्यंत गडप.

कांताताईंच्या त्या खेड्यात फोनला रेंज नव्हती. परतीच्या गाडीत रेंज आली आणि मागण्यांचा पाऊस पडला. कांताताई स्टेशनवरून थेट आमच्या दारात, हातात पिशवी तशीच.

"सर, काय करायलाव हे? कुरडया काय झाडाला लागायल्यात का?"

मी शकुनाची मीमांसा केली. त्या मटकन पायरीवर बसल्या.

"अहो, लोकांनी पैसे भरून ठेवलेत! आभाळ भरलेलं, ऊन न्हाई. कुरडया वाळवू कुठं? पयलंच वर्ष हाय. लोकांनी 'फसवलं' म्हणून लिहिलं की चौघींचं दुकान बसलं!"

त्या क्षणी धरणीने मला पोटात घ्यावे असे वाटले. पण धरणीही पावसाने ओली होती. मी म्हणालो, "क्षमापत्र मी लिहितो." आणि लिहिले. 'पर्जन्यकालीन प्रतिकूलतेमुळे' अशी सुरुवात होती.

"सर, लोक कुरडया मागायलेत, निबंध न्हाई!" असे म्हणून त्यांनी फोन ओढून घेतला आणि स्वतःच लिहिले: 'कुरडया संपल्या. आमच्या सरांना डबा रिकामा दाखवायला जिवावर आलं, म्हणून घोळ झाला. ऊन पडलं की नव्या करून पाठवू. थांबायचं नसंल तर पैसे परत देतो.'

पहिले उत्तर आले: 'थांबतो. आमची आईही तसंच करायची.' दुसरे: 'सरांना रागावू नका.' मागोमाग तशीच उत्तरे येत राहिली. फक्त दोघांनी पैसे परत मागितले, तेही नमस्कार लिहून. मी कधीही न पाहिलेली ही माणसे! त्यांचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू? चौघींचे तर त्याहून मोठे: एकीनेही मला कटू शब्द ऐकवला नाही. आश्विनाचे ऊन पडताच त्यांनी निमूटपणे गहू भिजत घातले.

मला मात्र पासवर्डाच्या सेवेतून मुक्त करण्यात आले. गच्चीवर वाळवणाशेजारी खुर्ची मिळाली, हाती काठी मिळाली. काम एकच, पाखरे हाकलणे. मी सगळे बळ एकवटून बसलो होतो, तरी एक कावळा माझ्या देखत आला आणि एक कुरडई उचलून उडाला.

मी खजील होऊन कांताताईंकडे पाहिले.

"असू द्या, सर," त्या चीक ढवळत म्हणाल्या. "कावळा तुमच्यापरीस बरा. जे हाय तेवढंच नेतोय; नसलेलं तर कुणाला इकत न्हाई!"