पेटी आणणारा माणूस

पिंजारीमामा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचं मत विरुद्ध उमेदवाराला दिलं. ही गोष्ट ते लपवतही नसत. पारावर बसून, विडी शिलगावत, चारचौघांत सांगत, "दादांनाच दिलं की. मानूस कामाचा हाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मग उभं कशाला राहायचं, मामा?"

"म्या उभा न्हाई राहिलो तर मतांची पेटी येती व्हय गावात?"

राहू गावाच्या पुढे, भीमेच्या काठी आमचं गाव. मामा घरोघर जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरून द्यायचे. ज्या घरी काम, त्या घरी दिवसभर बैठक. त्यामुळे गावाचं पोटातलं सगळं त्यांना ठाऊक. आणि गावाची रीत अशी, की निवडणूक आली की सगळ्यांनी देवळात जमायचं, वडीलधाऱ्यांनी एकेका जागेला एकेक नाव ठरवायचं, नारळ फोडायचा, संपलं. याला 'बिनविरोध' म्हणत. कुस्तीचा फड मारल्यासारखा गावाला त्याचा अभिमान होता. फक्त आमच्या वॉर्डात, जिथे सरपंच दादांचं नाव ठरलेलं असे, तिथे मामा अर्ज भरून ठेवायचे. केडगावला चालत जाऊन गाडी धरायची, दौंडला कचेरीत उतरायचं, अर्ज द्यायचा, संध्याकाळी परत. प्रचार शून्य. दादांना रस्त्यात रामराम घालून विचारायचे, "दादा, थोरल्या लेकीची गादी कवा भरायची?"

दादा वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. पण कुणाची बाळंतीण अडली की पहिली बैलगाडी दादांची जुंपली जायची. "मी कसला सरपंच? मी तुमचा गडी," असं ते हात जोडून म्हणत आणि माणसं विरघळत. गडी मात्र पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा चेअरमन होता, आणि गड्याला प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी तेव्हा पुण्याला छापखान्यात प्रुफं वाचत होतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत होतो. सुटीला गावी आलो की काखेत गठ्ठा. मामांच्या दुसऱ्या निवडणुकीला मी त्यांना चार पानी भाषण लिहून दिलं होतं. भांडवलशाही, सरंजामशाही, सगळं त्यात. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचवून घेतलं आणि घडी घालून परत केलं. "झ्याक लिवलंस. पर माझ्या तोंडात बसत न्हाई."

एकदा चिडून मी म्हणालो, "या अडाण्यांना मताचा हक्क देऊनच चुकलं. निदान चौथी पास असायची अट हवी होती."

"पत्रकं वाटायला तुला अडानीच लागत्यात. मताला न्हाई लागत?" मामा म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या म्हातारीचं सांगितलं. सगळं गाव तिला गेनूची आय म्हणायचं. मतदानाच्या दिवशी टेबलामागच्या कारकुनानं विचारलं, "बाई, तुमचं नाव?" ती लाजली, पदर ओढला, मग म्हणाली, "सोनाबाई."

"तीस वरसं तिच्या घरी कापूस पिंजला म्या. त्या दिवशी कळलं मला. देवळात नारळ फोडत्यात तवा तिला कोन बोलावतंय?"

मला हे उत्तर अगदीच कच्चं वाटलं. यात सिद्धांत कुठे होता?

तिसऱ्या खेपेला दादांनी देवळात जाहीर केलं, की सगळं गाव बिनविरोध झालं तर शाळेची नवी खोली मी पदरचं घालून बांधून देतो. टाळ्या पडल्या. उरला एकट्या मामांचा अर्ज. "सारं गाव एका बाजूला, आन् पिंजाऱ्याचंच काय येगळं?" असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य गावभर फिरलं. हिवाळा तोंडावर होता, ऐन गाद्यांचे दिवस. पण त्या वर्षी एकाही घरातून मामांना बोलावणं आलं नाही. दादांनी कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. पिंजायची कमान भिंतीला टांगलेलीच राहिली. मामी शेंगा फोडायला जाऊ लागल्या. मामा अर्ज मागे घेत नव्हते.

मला स्फुरण चढलं. त्यांना न विचारता मी पत्रक लिहिलं, छापलं आणि बाजारच्या दिवशी वाटलं. 'पिंजारीमामांना मत द्या' हे अगदी खाली. वर ठळक अक्षरात: 'मेंढरांनो, जागे व्हा!'

दादांनी ते देवळाच्या पायरीवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. एक शब्दही वाढवला नाही, गरजच नव्हती. "आम्ही मेंढरं, बरं का गेनूची आय," एवढंच हसून म्हणाले. आणि मग, "का हो मामा, तुमचं बी ह्येच म्हननं हाय?"

मामा उठले. "न्हाई दादा. माझं न्हाई." दुसऱ्या दिवशी दौंडला जाऊन त्यांनी अर्ज मागे घेतला. पेटी आली नाही. शाळेला खोली मिळाली, हेही सांगायला हवं. मामांना काम मात्र पहिल्यासारखं मिळेना. वर्षभरात ते मामींना घेऊन शिरूरला लेकीकडे गेले.

मी तिथे भेटायला गेलो तो भांडायच्याच तयारीनं. "एवढं सोसलंत, आणि एका शब्दासाठी माघार घेतलीत? लोकशाही अशी मरते, मामा!"

"गावाला मेंढरं म्हनून गावाकडंच मत मागायचं? कुठल्या तोंडानं?" ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "तू का न्हाई भरलास अर्ज? यादीत तुझं नाव हाय की."

मी कारणं दिली. नोकरी पुण्यात. गावच्या राजकारणात पडून वाटोळं होतं. लिहिणाऱ्यानं बाहेरून लिहावं. मामांनी तिन्ही शांतपणे ऐकून घेतली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

"बरं," ते म्हणाले. "च्या घे."

मामा वारले, त्याला आता वर्ष होईल. गावात पुन्हा देवळात बैठक झाली, नावं ठरली, नारळ फुटला. मी ती तिन्ही कारणं स्वतःलाच पुन्हा सांगून पाहिली आणि स्वतःवरच चिडलो. सोमवारी अर्ज द्यायला दौंडला जातो आहे. मला कुणी मत देईल असं वाटत नाही. ज्यांना मेंढरं म्हटलं त्यांनी का द्यावं? पण पेटी तर येईल.