डाव्या हाताचे हरभरे

बांगडी भरणं हा सरुबाई कासारणीच्या डाव्या हातचा मळ होता, आणि हे अगदी शब्दशः खरं. उजवा हात नुसती बांगडी पुढं सरकवतो. खरी मेहनत डाव्याची, समोरचीचा पंजा दाबून दाबून बांगडीएवढा करायचा तो. हडपसर गावठाणातल्या बायका तिच्यापुढं हात टाकून खुशाल गप्पा मारायच्या आणि डझनभर बांगड्या कधी चढल्या ते त्यांना कळायचंही नाही.

लकवा आला तो नेमका त्याच हातावर. आता देवाला काय म्हणावं? दोन हात होते, त्यातला कामाचा तेवढा बरोबर निवडला.

तसा धंदा आधीच बसला होता. उसाच्या रानात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, गावातल्या पोरी तिथं कामाला जाऊ लागल्या, आणि कॉम्प्युटरपुढं बांगड्या वाजतात म्हणून हात मोकळे ठेवू लागल्या. सरुबाईचे यजमान दिगंबर अशाच एका इमारतीच्या गेटवर वॉचमन होते. दिवसभर सलाम ठोकून ते दमायचे, आणि मेलेला हात मांडीवर घेऊन बसून बसून ही दमायची. रात्री दोघं फारसं बोलायची नाहीत.

पण गावठाणातल्याच तेजस्विनीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. तिच्या आजीला, गोदाबाईला, सरुबाईच्या सासूनं चुडा भरला होता, आणि तिच्या आईला सरुबाईनं. गोदाबाई स्वतः येऊन हात बघून गेली आणि म्हणाली, "सरू, वाईट वाटून घेऊ नको. चुडा भरताना बांगडी वाढली तर पोरीला जन्माचा बोल लागंल. जमणार नसलं तर पेठेतनं तयार आणू." लग्नघरात 'फुटली' म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. शब्द बदलला म्हणून जीवाला लागायचं थोडंच राहतं? सरुबाईला ते फार लागलं. चुडा मीच भरणार, असं तिनं सांगून टाकलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी नम्रता नावाची मुलगी होती. तिनं स्पंजचा चेंडू दाबायला दिला, दोरीला चिमटे लावायला सांगितले, आणि एका वाटीतले हरभरे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितले. सरुबाईनं सगळं नेमानं केलं. कंटाळा यायचा, डोळे भरून यायचे, तरी केलं. मूठ वळायला लागली, पण अंगठा आणि बोटं काही जुळेनात. दिवाळी उलटली तरी चिमटीत जोर नाही.

"मावशी, हरभरे रोज वेचता ना?" नम्रतानं विचारलं.

"वेचते की."

"मग दाखवा बघू."

सरुबाईनं उजव्या हातानं भराभरा हरभरे वेचून दाखवले.

नम्रता कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, डाव्यानं वेचायचे."

"डावा हात? अन्नाला?" सरुबाई तिच्याकडं बघतच राहिली. "खायचं हाय ते बाई, न्हाईतर टाकून द्यावं लागंल." रोज वेचून झाल्यावर त्याच हरभऱ्यांची ती उसळ करत होती.

एवढे दिवस फुकट गेले होते. घरी येऊन तिनं वाटीत काचेचे मणी ओतले आणि डाव्या हातानं पहिल्यापासून सुरुवात केली. मणी घरंगळायचे, ती वाकून शोधायची, पुन्हा वाटीत टाकायची. वैताग नुसता.

चिमटी जरा जमली तेव्हा दाबायला खरा पंजा हवा होता. तिला हात द्यायला आता कोण येणार? एका संध्याकाळी दिगंबरनी दार लावून घेतलं, खाली बसले आणि आपला हात पुढं केला. "भर," म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

"बाप्याला बांगड्या भर म्हणतात, ते तसंही म्हणतातच. भर तू."

रोज ड्यूटीवरून आले की ते हात द्यायचे. कधी काच लागायची, रक्त यायचं, पण हूं की चूं करायचे नाहीत. चुड्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्यातली मोठी हिरवी बांगडी त्यांच्या हातात गेली ती निघेचना. सकाळी युनिफॉर्मच्या बाहीचं बटण तिच्यावर लावून ते गेटवर गेले.

तेजस्विनीचा उजवा हात नीट भरला. डाव्यात शेवटची बांगडी तेवढी अंगठ्याच्या हाडाशी अडली आणि सरुबाईच्या चिमटीतला जोर सरला. रेटली असती तर कदाचित गेलीही असती. तिनं बांगडी मागं घेतली.

"हात दमला गं माझा," ती माजघरात सगळ्यांदेखत म्हणाली.

"मावशी, कुठं दाबायचं ते सांगा. मी दाबते," तेजस्विनी म्हणाली. सरुबाईनं जागा दाखवली, पोरीनं आपला पंजा आपणच आवळला आणि बांगडी चढली.

गोदाबाई म्हणाली, "आमच्या वेळी नवरीला नुसतं रडायचं काम असायचं." मग तिनं सरुबाईची ओटी भरली.

दिगंबर घरी आले तेव्हा सरुबाई भिंतीला टेकून बसली होती. "भरला चुडा. हा शेवटचाच. आता व्हायचं न्हाई माझ्यानं," ती म्हणाली. मग साबणाचं पाणी पुढं ओढलं. "द्या हात, काढते तुमची."

त्यांनी बाहीचं बटण काढलं, बांगडीकडं बघितलं आणि बटण पुन्हा लावलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आज हात दमलाय तुझा."