बंद दार आणि पुलावरचा राक्षस

राक्षसाची ताकद निम्मी केली, तरी लोक पुलावरच खेळ सोडून जात होते.

सोमवारी सकाळी संग्रामनं मला बोलावून स्क्रीनवरचा आलेख दाखवला. संग्राम आमच्या स्टुडिओचा मालक. आमच्या गेमची सुरुवात, म्हणजे पहिला साधारण अर्ध्या तासाचा भाग, आम्ही ओळखीच्या लोकांना खेळायला दिला होता. कोण कुठं थांबलं, कुठं मेलं, कुठं गेम बंद केला, हे सगळं आपोआप आमच्याकडे नोंदलं जातं. त्याला टेलिमेट्री म्हणतात. रेघ सुरुवातीपासून छान सरळ येत होती आणि पुलापाशी कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली जात होती.

"अजून निम्मी करूया ताकद," संग्राम म्हणाला.

"मग तो राक्षस राहणार नाही. शेळी होईल."

"शुक्रवारी मॅडम येणार आहेत, वैशाली. शेळी तर शेळी."

मॅडम म्हणजे पब्लिशरच्या पुण्यातल्या अधिकारी. पब्लिशर म्हणजे गेम पूर्ण करायला पाठबळ देणारी आणि नंतर तो बाजारात नेणारी कंपनी. मॅडम आमच्या ऑफिसात बसून स्वतः सुरुवात खेळणार होत्या. आवडली तर करार. नाहीतर आम्ही परत बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या फ्लॅटांची चकचकीत चित्रं बनवणार. ते काम मी दोन वर्षं केलं आहे. त्या चित्रांतल्या सोफ्यावर कधीच कुणी बसलेलं नसतं.

मी क्यूए लीड आहे. क्यूए म्हणजे तपासणी. नातेवाइकांना वाटतं मला दिवसभर खेळायचा पगार मिळतो. खरं काम असं, की एकाच भिंतीवर शंभर वेळा डोकं आपटायचं आणि एखाद्या वेळी ते भिंतीतून आरपार जातं का बघायचं.

आमचा गेम फँटसी अॅक्शन आरपीजी प्रकारातला. काल्पनिक राज्य, जादू, राक्षस, आणि त्यात तुम्ही एक पात्र घेऊन लढत लढत मोठं होता. आमचं पात्र म्हणजे नावाड्याची मुलगी, मैना. सुरुवातीला तिच्या गावात पूर येतो आणि पुराबरोबर पाण्यातला राक्षस. मैना चालायला, उडी मारायला, वल्ह्यानं मारायला शिकते. खरं तर खेळणारा शिकतो, नाव मैनाचं. मग गावातून पळत ती दगडी पुलावर येते. तिथं राक्षस उभा असतो.

ही लढाई जिंकता येत नाही. गोष्टच तशी आहे. राक्षस मैनाला पाण्यात फेकतो, ती वाहत पैलतीराला लागते आणि तिथून खरी कथा सुरू होते. आमच्या धंद्यात याला स्क्रिप्टेड लॉस म्हणतात, ठरवून केलेला पराभव. म्हणजे संग्राम ज्या राक्षसाची ताकद कमी करत होता, तो कितीही मऊ झाला तरी शेवटी जिंकणारच होता. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "निदान लोकांना बरं तरी वाटू दे की."

आमचं बोलणं चाललं असतानाच जिन्यावरून उमाक्का वर आल्या.

शिवाजी पेठेत आमच्या ऑफिसच्या खाली त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. माहेर कुरुंदवाडचं, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हींचा आवाज चौकापर्यंत जाणारा. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते.

"अवो, त्या तुमच्या राक्षसाला जरा हळू चालाया सांगा," त्या म्हणाल्या. "खाली माझी पातेली नाचायला लागल्यात."

आमचा साउंडवाला सुहास खूश झाला. राक्षसाच्या पावलांचा आवाज त्यानं केला होता आणि पातेली नाचणं म्हणजे त्याच्यासाठी बक्षीसच. माझ्या मनात वेगळंच आलं. आत्तापर्यंत आमचा गेम खेळलेले सगळे जुने खेळाडू होते. कधीच गेम न खेळलेल्या माणसाच्या मागं मी बसलेच नव्हते.

"अक्का, राक्षस बघायचा का तुम्हाला?"

"दुकानात आमचं मालक हायत. दाव की."

त्यांना खुर्चीत बसवलं, हातात कंट्रोलर दिला. एका कांडीनं चालायचं, दुसरीनं मान वळवायची, एवढंच सांगितलं. असं कुणाला तरी खेळायला बसवून बघण्याला प्लेटेस्ट म्हणतात आणि त्याचा नियम कडक असतो: मागच्या माणसानं तोंड उघडायचं नाही. घरी गेम खेळणाऱ्याच्या मागं उभं राहून आपण थोडंच सांगणार असतो?

पहिली काही मिनिटं मैना भिंतीकडं तोंड करून उभी होती. मग आभाळ बघत उलटी चालत विहिरीच्या कठड्याला धडकली. संग्रामनं कपाळाला हात लावला. पण अक्कांना गंमत वाटायला लागली. हळूहळू हात बसला. वल्ह्यानं त्यांनी पाण्यातून आलेल्या दोन भुतांना असं हाणलं, की खुर्ची मागं सरकली.

"आता त्या बाणाकडं जायचं व्हय?"

स्क्रीनवरचा बाण पुलाकडं जायला सांगत होता. मैना निघाली. आणि तिसऱ्या घरापाशी थांबली.

त्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. सुहासनं तो वातावरणासाठी टाकला होता. पूर आलाय, गाव घाबरलंय, एवढं कळावं म्हणून. घर म्हणजे नुसता पुढचा पडदा. दार रंगवलेलं. आत काहीच नाही.

अक्का दारापुढं उभ्या राहिल्या. सगळी बटणं दाबून झाली. वल्ह्यानं दार बडवून झालं. मागच्या बाजूनं जाता येतं का बघितलं. परत पुढं आल्या.

"अवो, आत माणूस हाय."

त्यांनी मान वळवून आमच्याकडं बघितलं.

"बाण तिकडं जा म्हणतोय. मी कसा जातो? आत बाई रडाय लागल्या." आमच्याकडच्या बायका 'मी जातो' म्हणतात, ते ऐकायची सवय आहे. पण अक्कांचा आवाज बदलला होता. "कुरुंदवाडला पाणी चढलं तवा माझा भाऊ नाव घेऊन फिरत हुता. अंधारात कुठनं हाक आली की नाव तिकडं वळायची. मग ते घर कुणाचं का असंना."

सुहास खाली बघत होता.

बऱ्याच वेळानं अक्कांनी दार सोडलं. बघवत नव्हतं. पुलावर गेल्या, राक्षसाशी लढल्या, पण जोर गेला होता. राक्षसानं मैनाला उचललं आणि फेकलं. स्क्रीन काळी झाली.

"मेलो की," अक्का म्हणाल्या. कंट्रोलर टेबलावर ठेवला, पदर सावरला आणि उठल्या. "झालं. पोरगी बी गेली आन् आतली बाई बी गेली. काय खेळ केलाय!"

त्या जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा मागं स्क्रीन उजळली. मैना पैलतीरावर डोळे उघडत होती. बघायला खुर्चीत कुणी नव्हतं.

मी लगेच टेलिमेट्री परत उघडली. आम्ही आत्तापर्यंत 'पुलावर' एवढंच बघत होतो. पुलावर नक्की कधी, हे कुणी बघितलं नव्हतं. लढताना जवळजवळ कुणीच खेळ सोडत नव्हतं. सोडत होते ते स्क्रीन काळी असताना. त्यांना वाटायचं आपण हरलो, आता सगळं पहिल्यापासून. मग मी लोक कुठं कुठं उभे राहिले त्याचा नकाशा काढला. तिसऱ्या घराच्या दारापुढं ठिपक्यांचा लाल गोळा झाला होता. तिथं कुणी गेम बंद केला नव्हता, म्हणून आम्ही तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"दार उघडलं पाहिजे," मी म्हणाले.

"आवाज काढून टाक ना सरळ," संग्राम म्हणाला.

"आवाजामुळंच तर लोक थांबतात. गावाची पर्वा वाटते त्यांना. ती आपण फुकट घालवतोय. दारातून कुणीतरी बाहेर येऊ दे, आणि मैना पुलावरून पडते तेव्हा त्याच माणसानं तिला हात दिला पाहिजे. काळी स्क्रीन नको. ती हरली नाही, तिला कुणीतरी वाचवलं, असं दिसलं पाहिजे."

"शुक्रवार जवळ आलाय. बिल्डला हात लावायचा नाही, हा तुझाच नियम आहे."

खरं होतं. बिल्ड म्हणजे गेमची त्या दिवशीची चालू प्रत. मोठ्या दाखवण्याआधी ती गोठवतात, कारण शेवटच्या क्षणी केलेला बदल भलतीकडंच काहीतरी मोडतो. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या अंगावर ओरडत आले होते आणि आता गोठवलेलं मीच फोडायला सांगत होते. मोडलं तर मॅडमसमोर मोडणार होतं.

संग्रामनं आमच्या प्रोग्रामरकडं, असलमकडं, बघितलं. असलम कमी बोलतो. तो म्हणाला, "घराचं आतलं बनवणार नाही. अंधार ठेवतो. दारातून एक म्हातारा बाहेर येईल. पुढच्या भागातला कुंभार तयार आहे, तोच घेऊ."

"आणि पुलावर तो फेटा सोडून टाकेल, मैना टोक धरेल," मी म्हणाले.

"कापड हलवायला महिना लागतो. दोर घे."

दोर घेतला.

पुढचे दिवस मी आनंदात घालवले, असं म्हटलं तर बाकीचे चिडतील, पण खरं आहे. पहिल्या दिवशी म्हातारा दारात अडकला आणि जागच्या जागी चालत राहिला. मग तो पाण्यावरून चालायला लागला. मग मैनाच्या मागं मागं येऊन थेट राक्षसाच्या पायाखाली गेला. मी प्रत्येक चूक लिहून असलमला देत होते, तो दुरुस्त करत होता, मी परत पहिल्यापासून खेळत होते. सुहासनं बाईचं रडणं काढून म्हाताऱ्याच्या हाका टाकल्या. "पोरी, धर!" हे ओरडायला संग्रामलाच जिन्यात उभं केलं. त्याचा आवाज इतका लागला, की खालून मालक, म्हणजे अक्कांचे यजमान, काय झालं बघायला वर धावत आले.

राक्षसाची ताकद आम्ही पहिल्यासारखी केली.

शुक्रवारी मॅडम आल्या. चहा नको म्हणाल्या, कंट्रोलर घेतला, हेडफोन लावला. चेहऱ्यावर काही नाही. हात मात्र सराईत. भुतं पटापट पडली. मैना गावात शिरली आणि बाणाच्या दिशेनं सरळ पळत सुटली. तिसरं घर मागं गेलं.

असलमनं माझ्याकडं बघितलं. दार उघडलं नाही, तर म्हातारा पुलावर येणार नव्हता. आणि तो आला नाही, तर तीच जुनी काळी स्क्रीन. ती वाट बदलायला वेळच उरला नव्हता.

मॅडम लढल्या. चांगल्या लढल्या. राक्षसानं फेकलं. काळोख. त्यांनी हेडफोन काढायला हात वर नेला. माझ्या शेजारी संग्राम तोंड उघडणार, एवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

मॅडमचा हात तसाच थांबला.

"मागे कुणीतरी हाका मारत होतं ना?" मॅडम म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी मेनू उघडला आणि सुरुवात परत लावली.

या वेळी त्या बाणाकडं गेल्याच नाहीत. तिसऱ्या घरापाशी आल्या, बटण दाबलं, दार उघडलं. म्हातारा खोकत बाहेर आला. एकदाही न अडकता. पुलावर मैना काठावरून लोंबकळली, दोर आला, हेडफोनबाहेरही ऐकू येईल एवढा संग्रामचा आवाज आला, आणि पाण्यानं दोघांना बरोबरच ओढून नेलं. पैलतीरावर म्हाताऱ्यानं मैनाच्या पाठीवर थोपटलं. मॅडम खुर्चीत पुढं सरकून बसल्या होत्या. त्या टेकडी चढल्या, वळणावर आल्या आणि मैना एका अदृश्य भिंतीला थडकली.

"पुढे?"

"पुढचं अजून बनवायचं आहे," संग्राम म्हणाला.

"मग बनवा," मॅडम म्हणाल्या, आणि चहा मागितला.

करार काही दिवसांनी आला. त्याआधी शनिवारी दुपारी मी उमाक्कांना वर बोलावलं. त्या थेट तिसऱ्या घरापाशी गेल्या. म्हातारा बाहेर आल्यावर "आला की ओ बाहेर!" असं एवढ्यानं ओरडल्या, की समोरच्या गच्चीवरच्या बाईनं विचारलं कोण आलं. पूल आल्यावर मात्र त्यांनी कंट्रोलर माझ्याकडं दिला. "त्याच्याशी तुमी भांडा. मला गिऱ्हाईक हाय."

तेव्हापासून आमच्याकडं एक नियम आहे. गेममध्ये हाक ठेवायची असेल, तर तिला ओ देता आली पाहिजे. ऐकायला छान आहे, पण कामाचा व्याप फार वाढतो. गेल्या आठवड्यात सुहासनं एका पडक्या विहिरीत कसलासा आवाज टाकला. मी विचारलं, आत कोण आहे? तो म्हणाला, कुणी नाही, बेडूक आहे. म्हटलं, मग दिसू दे.

असलम सध्या बेडूक बनवतो आहे.