गार असताना बघू

बडेबाबू विकाऊ गाडीजवळ गेले की मालकाला नमस्कार नंतर करायचे. आधी उजव्या हातातला लोकरी हातमोजा काढायचा, तो दातांत धरायचा आणि उघडा तळवा बोनेटवर ठेवायचा, पोराच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. बोनेट नुसतं कोमट लागलं तरी मोजा परत हातात. "गरम आहे. गार असताना बघू." झालं. मालक मागून गाडीची कुंडली वाचत राही, बडेबाबू सायकलवर टांग मारून निघालेले असत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ऑफिसात त्यांना नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. मोठे कारकून म्हणून बडेबाबू, आणि साहेबसुद्धा बडेबाबूच म्हणत. जुन्या गाडीची पारख करावी तर त्यांनीच, असं ग्वाल्हेरातलं आमचं सगळं जयेंद्रगंज मानायचं. आणि मित्रहो, या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. त्यांच्याकडे होती एक सायकल, तिलाही घंटी नव्हती.

मला या मानण्याचा राग यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. कर्मचारी संघटनेची पत्रकं मीच लिहायची आणि बाड्याच्या चौकात उभी राहून मीच वाटायची. बडेबाबू मला 'निषेधबाई' म्हणत. पण रोज न चुकता विचारत, "निषेधबाई, आजचं पत्रक आहे का? चार-पाच देऊन ठेव." मी खूश. ऑफिसात एक तरी वाचक आहे! महिनाभराने कळलं. कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनातून त्यांनी तेल बघायची पट्टी उपसली आणि माझा 'जाहीर निषेध' काढून ती स्वच्छ पुसली.

"बडेबाबू!"

"कागद फार चांगला वापरता तुम्ही," ते म्हणाले. "तेल लगेच शोषतो. वर्तमानपत्राची शाई पट्टीला लागते. तुमची लागत नाही."

राज्याचे दोन तुकडे झाले त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नकाशावर रेघ मारणाऱ्यांना वाटतं, रेघ तिकडे छत्तीसगडच्या हद्दीवर पडली. ती ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या ऑफिसातल्या टेबलांवरून गेली. नवीन राज्याला माणसं द्यायची म्हणून पदं मोजली गेली, पदं मोजताना कुणाला तरी आम्ही जास्त वाटलो, आणि एका सोमवारी हुकूम आला की आमचं ऑफिस मेहगावच्या ऑफिसात विलीन. मेहगाव भिंडच्या रस्त्यावर, बसने दोन तास, धुकं असलं तर देवाची मर्जी. 'पुनर्रचना' हा शब्द मी तेव्हापासून अवतरणचिन्हांतच लिहिते.

राहायचं ग्वाल्हेरला आणि नोकरी मेहगावला. याला आमच्याकडे अपडाउन म्हणतात. आम्ही पाच जण अपडाउनवाले झालो. बडेबाबू, मी, दोन हिशेबनीस आणि ममताताई.

ममताताईचा नवरा याच ऑफिसात होता. तो गेला आणि त्याच्या जागी तिला अनुकंपेवर घेतलं. घरी दुसरीतली मुलगी आणि मोतीबिंदू झालेल्या सासूबाई. लश्करचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर होतं म्हणून सगळं जमत होतं. मेहगावहून ती घरी पोचायला लागली रात्री आठला. एकदा पोचली तर मुलगी दप्तरासकट पायरीवर झोपलेली, आणि आत सासूबाई चाचपडत गॅस पेटवत होत्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती मला म्हणाली, "थंडीतला व्यापारमेळा उठेपर्यंत बघते. नाही जमलं तर देऊन टाकते." राजीनामा तिने लिहूनच ठेवला होता. डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली.

मी पेटले. म्हटलं, तू आमच्या आंदोलनाचा चेहरा हो. धरण्यावर पुढे बस, मुलीला घेऊन. ती हसली. "मुलीला शाळा आहे गं."

त्याच संध्याकाळी बडेबाबूंनी बसमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, "पाच जण आहोत. एक जुनी डिझेल गाडी घेऊ. पेट्रोल परवडायचं नाही, डिझेल वाटून घेतलं तर बसच्या पासाहून थोडं वर जाईल. पाच वाजता निघून साडेसहाला घरी."

"म्हणजे विलीनीकरण मान्य केलं म्हणायचं!" मी उभी राहून म्हणाले. बसमध्ये उभंच राहावं लागायचं, ते वेगळं. "आपण गाडी घेतली की ते म्हणतील, बघा, लोकांची सोय झाली! हा शुद्ध—"

"निषेधबाई, ममताची पोर आंदोलनाच्या निकालापर्यंत पायरीवर झोपेल का?"

मी माघार घेतली. नाइलाज झाल्यावर मी माघार घेते, पटलं म्हणून नाही.

पण पुढे तर कहरच झाला. गाडी घेऊ म्हणणाऱ्या माणसाला एक गाडी पसंत पडेना! एकीचा धूर निळा, म्हणजे ती डिझेलबरोबर तेलही पिते. एकीचं इंजिन सुरू ठेवून त्यांनी तेलाचं झाकण उघडलं आणि त्याच भोकावर उलटं टेकवलं, तर ते झाकण तव्यावरच्या लाहीसारखं उडायला लागलं. "इंजिन थकलंय. आतून श्वास बाहेर मारतंय." वर हे, की "मेळा तर लागू दे. मेळ्यात नव्या गाडीवर कर कमी लागतो, तेव्हा लोक जुन्या काढतात. जल्दी काय आहे?"

जल्दी काय आहे! पोळ्यांखाली राजीनामा होता, आणि हे विचारत होते जल्दी काय आहे.

शेवटी मीच कंबर कसली. गावातच हजीऱ्याला एक गाड्यांचा दलाल होता. त्याच्याकडे लाल रंगाची डिझेल गाडी, सीटवर नवी कव्हरं, आत छोटा पंखा. किल्ली फिरवली की चालू. एकदा नाही, तीनदा बघितलं. मी स्वतःच्या पगारातून विसार देऊन आले आणि ऑफिसात जाहीर केलं.

बडेबाबू रागावले नाहीत. "चांगलं केलंस. आता गार असताना बघू. उद्या सकाळी सहाला. त्याला सांगू नकोस."

आम्ही सहाला हजीऱ्यात. धुकं असं की पुढचे बडेबाबू दिसत नव्हते, नुसती त्यांची माकडटोपी हवेत चालली होती. दलालाच्या पत्र्याच्या फाटकाशी पोचलो तर आत लगबग. फाटक उघडलं. बडेबाबूंनी मोजा दातांत धरला, तळवा ठेवला.

"गरम आहे."

दलालाच्या कानाला मफलर, हातात दातण. "धूप में खड़ी थी, बाबूजी."

बडेबाबूंनी चहूबाजूंना बघितलं. पाच हातांवरचा खांब दिसत नव्हता. "बड़ी अच्छी धूप है भाई तुम्हारे यहाँ," ते म्हणाले. "थोड़ी हमारे मोहल्ले में भी भेज दो."

तासभर आम्ही तिथेच बाकावर बसलो. दलालाने चहा पाजला, दुसऱ्यांदा पाजला, मग म्हणाला मला काम आहे. बडेबाबू म्हणाले, तुम्ही करा, आम्ही बसलोय. गाडी गार झाल्यावर त्यांनी किल्ली लावली. ती खोकली. पुन्हा खोकली. मग पांढरा धूर सोडून गप्प झाली, आणि दलाल सवयीने मागून ढकलायलाच धावला. तेव्हा मला समजलं. मी तिन्ही वेळा गेले ती फोन करून, दुपारी.

विसार मात्र बडेबाबूंनी परत मिळवला. कसा, ते विचारू नका. ते दलालाला एवढंच म्हणाले होते की ही बाई पत्रकं लिहिते.

परतताना मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"आजोबांनी. ते संस्थानाच्या पागेत होते."

माझ्या कपाळावर आठी आलीच. आमच्या गावात अर्धे मराठी कुणा ना कुणा सरदाराचे पणतू असतात आणि मला त्या सगळ्यांचा वीट आहे.

"आठी काढ," ते म्हणाले. "सरदार नव्हेत, पागेतले. लीद उचलणारे. पण घोडा घ्यायचा झाला की सरदार त्यांनाच पुढे करायचे. घोड्याचा पाय धरलेला असला ना, की विकणारा त्याला आधी तासभर फिरवून आणतो. अंग गरम झालं की लंगडणं दिसत नाही. म्हणून आजोबा पहाटे जायचे. दाणावैरणीच्या आधी."

मी आठी काढली.

मेळा लागला, आणि खरोखरच जुन्या गाड्या निघाल्या. हजीऱ्यातच एक निवृत्त गुरांचे डॉक्टर होते. मुलाने मेळ्यातून नवी गाडी आणली, म्हणून त्यांची जुनी अँबॅसडर विकायची होती. रविवारी पहाटे आम्ही गेलो. या वेळी ममताताईही होती, तिची डब्याची पिशवीही. रविवार असूनही ती पिशवी का आणलीस, मी विचारलं नाही.

गाडी बघून मला रडू यायचं बाकी होतं. अंग दुधाळ, मागचा एक दरवाजा हिरवा, तोही दुसऱ्या कुठल्या गाडीचा. छताला आतून सुतळी. डॉक्टरसाहेब घोंगडी पांघरून आले. "इतनी सुबह? दोपहर में आते, मैं धुलवा देता."

"न धुतलेलीच हवी," बडेबाबू म्हणाले आणि तळवा ठेवला.

गार. दव होतं त्यावर. त्यांनी हात उचलला तेव्हा बोनेटवर पाच बोटांचा ठसा राहिला.

आत बसून त्यांनी हीटरची कळ ओढली. डिझेलचं इंजिन थंडीत आधी आतून तापवावं लागतं. त्याला वेळ द्यायचा. ते मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. डॉक्टर, मी, ममताताई, सगळे धुक्यात उभे. सतरा, अठरा. वीस. किल्ली.

एकदा खोकली. आणि मग धडधड धडधड, समोरच्या भिंतीवरचं कबुतर उडेल इतकी खणखणीत. बडेबाबू बाहेर आले, तेलाचं झाकण उलटं करून भोकावर ठेवलं. झाकण बसून राहिलं. नुसतं थरथरलं. ते त्याच्याकडे बघत राहिले, चष्मा धुक्याने पांढरा झाला तरी. मग इंजिन बंद केलं. "आता तेल. निषेधबाई, पत्रक?"

मी खिसे चाचपले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पत्रक नव्हतं.

ममताताईने डब्याच्या पिशवीत हात घातला आणि घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे धरला. बडेबाबूंनी तो उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. मोठे कारकून होते, अर्ज वाचल्याशिवाय पुढे जात नसत. मग पट्टी उपसली आणि त्या कागदाने पुसली. एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. पुन्हा बुडवली, बघितली, पुन्हा पुसली.

"तेल बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बोळा करून खिशात टाकला.

चालवणार कोण, हा प्रश्न गाडी घेतल्यावर आमच्या लक्षात आला. पाच जणांत एकालाही येत नव्हती! महिनाभर भाड्याचा ड्रायव्हर ठेवला. मेळा उठल्यावर त्याच्याकडूनच रिकाम्या मैदानावर ममताताई शिकली. मीही शिकले, पण वादावादी करत, त्यामुळे जरा कमी. साडेसहाला तिची मुलगी दारात उभी असायची, हिरवा दरवाजा दिसला की आत वर्दी द्यायला पळायची. विलीनीकरणाविरुद्धची पत्रकं मी लिहितच होते. मागच्या सीटवर बसून, धक्के खात. अक्षर कंपोझिटरला लागायचं नाही.

गाडी सुरू करायचं काम मात्र बडेबाबूंचं. दुसऱ्या कुणाला त्यांनी ते करू दिलं नाही. गाडी ममताताईच्या दारात असे. ते रोज सातच्या आधी येत, सासूबाईंकडून किल्ली घेत, तळवा, हीटर, वीस आकडे, आणि मग चालकाची जागा सोडून मागे जाऊन बसत.

पुढच्या हिवाळ्यात नव्या राज्याला द्यायच्या माणसांची यादी आली. आमच्यातून एकच नाव होतं, बडेबाबूंचं. मी रात्रीत पत्रक लिहिलं. 'निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या माणसावर घोर अन्याय!' छापून घेऊन सकाळी गाडीत वाटलं. बडेबाबूंनी ते वाचलं, या वेळी खरोखर वाचलं.

"छान लिहिलंस. पण तिकडे जायचा विकल्प मीच भरला होता."

"तुम्ही? का?"

"मुलगी भिलाईला असते. शिवाय तिकडे थंडी कमी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि कुणीच भरला नसता तर सगळ्यांत नवीन नेमणूक असलेलं नाव उचलणार होते."

सगळ्यांत नवीन नेमणूक कुणाची, हे गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती गाडी चालवत होती. तिने गिअर बदलला, कर्र आवाज आला, एरवी येत नसे.

बाकीची पत्रकं मी त्यांनाच दिली. पट्टी पुसायला.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बजावलं, स्टेशनवर कुणी यायचं नाही, ट्रेन पहाटेची आहे, तुम्हाला ऑफिसला उशीर होईल. ममताताईने विचारलं, "उद्या मी सुरू केली आणि नाही झाली तर?"

"होते ती. वीस मोज फक्त."

त्या रात्री कडाक्याचं गारठलं. सकाळी सातला मी जयेंद्रगंजात ममताताईच्या दारात पोचले तेव्हा नळांचं पाणी बोटं कापत होतं. ममताताई किल्ली मुठीत घट्ट धरून गाडीपुढे उभी होती. मी हातमोजा काढला आणि बोनेटवर तळवा ठेवला. तोपर्यंत मी हे कधी केलं नव्हतं.

कोमट होतं.

"ठेवून बघ," मी म्हणाले. तिनेही ठेवला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

आतून सासूबाई म्हणाल्या, "येऊन गेले मघाशी. सामान रिक्षात होतं. चहा नको म्हणाले. बराच वेळ घर्रघर्र ठेवली होती गाडी."

ममताताई आत बसली. हीटरची कळ ओढली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"अगं, गरम आहे," मी म्हणाले. "लगेच होईल सुरू."

"मोजू दे," ती म्हणाली.