तीन पानांचा ठसा

बदाम हातात आला की शांतामावशी तो आधी कानाशी नेऊन हलवायच्या. टरफलात गर खुळखुळला तर "बोलतोय," म्हणून टोपलीत टाकायच्या. नाही खुळखुळला तर "मुका हाय, अजून ओला. ऊन दाखवा," म्हणून बाजूला. जयपूरला नोकरी लागल्यावर मी प्रताप नगरात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हाही त्यांच्या कानाशी बदामच होता. मला वाटलं, बाई फोनवर आहेत. मी पाच मिनिटं अदबीनं उंबऱ्यात उभी राहिले.

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत सुभेदार, शेवटची बदली जयपूरची. तो वारल्यावर लेकीनं गावी बोलावलं, पण मावशी हटल्या नाहीत. सांगानेरच्या एका गोदामात त्या बदाम फोडून निवडायच्या. परदेश कधी पाहिला नव्हता, पण जिभेवर सगळा होता. ऑफिसातून मला दिवाळीला मिळालेल्या डब्यातला एक दाणा चावून म्हणाल्या, "कॅलिफोर्निया. तिकडं मशीन झाड गदागदा हलवतंय, माल एकदम भुईवर. म्हणून बग, परेडला उभं केल्यागत सगळे सारखे." आणि इराण-अफगाणिस्तानकडचा महागडा मामरा? "त्यो सुट्टीवर आलेला जवान. वाकडा, सुरकुतलेला, पर आत दम हाय."

त्या गोदामात म्हाताऱ्या शेठजींची एक पद्धत होती. ज्या बाईनं माल निवडला तिनं डब्याच्या चिठ्ठीवर आपला ठसा उमटवायचा. सांगानेरात कापडावर छपाई करतात तसाच लाकडी ठसा, प्रत्येकीचा वेगळा. मावशींचा तीन पानांचा. शहरातल्या सोडाल्याच्या बाजारातले दुकानदार तीन पानं पाहूनच माल उचलायचे. "पेन्शन आमच्या सुभेदारांची हाय," मावशी म्हणायच्या, "ठसा माझा."

शेठजी अंथरुणाला खिळले आणि पुतण्या गादीवर आला. गेल्या दिवाळीआधी आईसाठी बदाम घ्यायला मी गोदामात गेले होते. समोर मामऱ्याचे डबे भरलेले, आणि मावशी ठसा मुठीत आवळून बसलेल्या. कॅलिफोर्नियाच्या गोण्यांमधून त्यांनीच बाजूला काढलेले सुरकुतलेले दाणे पुतण्यानं तेल चोळून मामऱ्यात मिसळले होते.

"मावशीजी, ठप्पा लगा दो. गाड़ी खड़ी है," पुतण्या म्हणाला.

मावशींनी एक दाणा पदरावर घासला. पांढऱ्या पदरावर तेलाचा डाग पडला. "मामरे का तेल पेट में होता है भैया, अंग पे नहीं."

"दो साल में मशीन आ जाएगी. तब कौन पूछेगा आपको? लगाना है तो लगाओ, नहीं तो कल से मत आना."

"कल का कल देखेंगे. आज नहीं लगेगा."

ठसा पदराच्या गाठीत बांधून त्या उठल्या. बाकीच्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या. बाहेर ऑटोत बसल्यावर त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मी हात धरायला गेले तर झटकला. "रडत न्हाय मी," म्हणाल्या. खरं तर रडत होत्या.

मग रिकामे दिवस आले. मावशी सकाळी सवयीनं आवरून बसायच्या आणि जायला कुठं नसायचं. ते बघून मला पुतण्याचा असा संताप यायचा की काय सांगू! पण दुकानदार तीन पानं मागू लागले, डबे परत येऊ लागले, आणि एका रविवारी पुतण्याची स्वारी मिठाई घेऊन दारात हजर झाली. पगार वाढवतो, परत या. येत नसाल तर ठसा तरी विका.

मावशींनी चहा ठेवला. बशीत चार बदाम ठेवले. "पहले खाओ. बताओ, कहाँ का है?"

त्यानं एक चावला, मान डोलावली. "असली मामरा, मावशीजी. ऐसा माल आजकल मिलता कहाँ है?"

मावशींनी दुसरा दाणा उचलून पदरावर घासला. डाग पडला. मग आतून त्याच्याच गोदामाचा डबा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. कालच सोडाल्यातून विकत आणलेला; बशीतले दाणे त्यातूनच वेचलेले.

"अपना माल पहचानता नहीं, और ठप्पा माँगता है?"

चहा तसाच टाकून तो गेला. मिठाई मात्र मावशींनी ठेवून घेतली.

गोदामच सुटलं, मग इथं थांबायचं कशाला, म्हणून या उन्हाळ्यात मावशी लेकीकडे साताऱ्याला गेल्या. कायमच्या. स्टेशनवर मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, आठवण म्हणून ठसा मला द्या ना."

त्यांनी पिशवीतून टरफलासकट एक बदाम काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो कानाशी नेऊन हलवला. मला काहीच ऐकू आलं नाही. गाडीची शिट्टी, हमालांचा गलका, आणि डोळे भरून आलेले.

"बोलतोय का मुका?"

"बोलतोय," मी ठोकून दिलं.

मावशींनी तो परत घेतला, कानाशी हलवला आणि हसल्या. "मुका हाय." ठसा त्यांनी पदराच्या गाठीतून सोडलाच नाही. "आधी शीक. मग ये सातारला, मागायला."