आतोबांचे आरमार

प्राचीन जगाचा इतिहास आमच्या आतोबांच्या हातून घडला असता, तर एकही लढाई दुपारच्या जेवणानंतर झोपेच्या वेळेत झाली नसती, जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाच्या घरी कालवणापुरते तरी काही पाठवले असते, आणि पावसाळ्यात भूमध्य समुद्र संपूर्ण बंद राहिला असता. हे मी उगाच म्हणत नाही. आतोबांच्या हातात खरोखरच एक साम्राज्य होते, आणि त्याचे परराष्ट्र खाते मी सांभाळत होते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मालवणला अगदी समुद्राच्या पुळणीला लागून त्यांचे घर. उभा जन्म त्यांनी तांडेल होऊन मासेमारीची होडी चालवली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर होडी पुतण्याच्या स्वाधीन करून ते घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसले. मी कॉलेजची वर्षे याच घरात काढली. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील आमच्या गावी रापणीचे जाळे ओढायला जात, आई मासे विकी. मलाही पाटी डोक्यावर घ्यावी असे वाटू लागले होते, तेव्हा आतोबाच म्हणाले होते, "शिक गो बाये, दर्यो खंय पळान जाणा नाय." आज मी ओरोसच्या एका कचेरीत खुर्चीवर बसून काम करते, ते या वाक्यामुळे आणि आत्याच्या हातच्या उकड्या भातामुळे.

तर हे साम्राज्य आले ते मुंबईच्या जावयांकडून. मे महिन्यात आंबे खायला आलेल्या जावयांनी सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्यांच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. जगभरची माणसे त्यात एकेक पुरातन राज्य घेऊन बसलेली असतात. कोणी रोम, कोणी मिसर, कोणी इराण. शहरे बांधायची, फौजा उभारायच्या, दोस्ती करायची आणि जमेल तेव्हा मोडायची. आतोबांनी फिनिशियनांचे राज्य निवडले. का, तर बाकीच्यांच्या चित्रांत सिंह आणि गरुड होते, आणि याच्या चित्रात गलबत होते. "नाळ बघ होडयेची, कशी उचाललली आसा. बांधणारो जाणकार आसतलो," असे म्हणून त्यांनी गलबताच्या पुढच्या टोकावर बोट टेकवले आणि ते राजे झाले.

राजे झाल्यावर त्यांनी पहिले काम केले ते शहरांना आमच्याकडच्या गावांची नावे देण्याचे. जिथे दोन वाटा फुटत होत्या ते शहर तळेरे, आणि जिथे तळ्याकाठी देऊळ होते ते वालावल. खेळाच्या नकाशावर निळा समुद्र, सोनेरी वाळवंट, पांढरे संगमरवरी खांब, आणि मध्येच वालावल. मला ते इतके आवडे की बसमध्ये डोळे मिटले की तळ्यात त्या खांबांची पडछाया हलताना दिसे. पण एके दिवशी आतोबा खळ्यातून ओरडले, "इराणान तळेऱ्याक आग लायली गो!" आत्या आत बांगडे कापत होती. ती हातातल्या बांगड्यासकट धावत बाहेर आली. "तळेऱ्याक माझी भयण दिलली आसा!" तिने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, तळेऱ्यात सगळे ठीक आहे, देवगडची गाडी तेवढी अजून सुटलेली नाही. त्या दिवसापासून आत्याने आतोबांना चहा देताना विचारायचा प्रघातच पाडला, "काय राजानू, आज खंयचो गाव जाळलास?"

खेळातली माणसे एकमेकांना इंग्रजीत निरोप पाठवत. फोन स्वतःच भाषांतर करून देतो, हे मी आतोबांना दाखवले होते. पण त्यांना ते पटले नाही. "फोन कोणाच्या बाजूचो, ता कोणाक म्हायत? तू घरची आसस." त्यामुळे आठवडाभराचे सगळे टपाल साठवून ठेवले जाई. मी शनिवारी संध्याकाळी ओरोसहून मालवणला पोचले, पाय धुतले, चहा घेतला, की दरबार भरे. एस.टी. उशिरा आली तर दोन साम्राज्यांतला तह लांबे. एकदा घाटमाथ्यावरून पाहुणे आले म्हणून मी एक शनिवार चुकवला, तर मिसरच्या सम्राटाने आमचा राजदूत वारला असे समजून दुखवटा कळवला.

माझे इंग्रजी आमच्या गावच्या शाळेतले. तिथे इंग्रजी पत्र म्हणजे रजेचा अर्ज. त्यामुळे इराणच्या सम्राटाला पहिला खलिता गेला तो असा: आदरणीय महोदय, नम्र विनंती की आपले हत्ती आमच्या हद्दीतून काढून घेण्याची कृपा करावी, आणि उपकृत करावे. इराणचा सम्राट कोण, कुठला, ते कधी कळले नाही. पण माणूस रसिक असावा. त्याने उत्तर पाठवले: आदरणीय महोदय, हत्ती आजारी असल्यामुळे आठ दिवसांची मुदत मिळावी. आतोबांनी मुदत दिली. वर हत्तीला काय झाले आहे, याची चौकशी करायला लावली.

लढाई जिंकली की लुटीच्या वाटणीवरून बाकीचे राजे भांडत. आतोबांच्या गटात, म्हणजे रोम, मिसर आणि आणखी काही दोस्तांत, वाटणी रापणीसारखी होई. रापण ओढताना ज्याने दोरीला हात लावला, त्याला मासळीचा वाटा मिळतो. मग तो आधी आलेला असो की शेवटच्या चार हातांना. मिसरची फौज एकदा लढाई संपता संपता पोचली, तेव्हा इतरांनी कुरकुर केली. आतोबा म्हणाले, "दोरयेक हात लायलो, तेका वाटो." एवढ्यावर थांबते तर ते आतोबा कसले? त्यांनी हरलेल्या ग्रीकांकडेही धान्याचे एक गलबत रवाना केले. मी म्हटले, "आतोबा, तो शत्रू मा?" तर म्हणाले, "म्हणान काय झाला? तेच्या घरात आज चूल पेटाक नको?" पुढच्या महिन्यात ग्रीक आपण होऊन आमच्या गटात आले.

पण त्यांचा खरा जीव जडला होता रोमवर. रोमचा सम्राट कुठल्याशा थंड मुलखात पावाची भट्टी चालवत असे. त्याने एकदा बर्फात बुडालेल्या दुकानाचा फोटो पाठवला होता. तेव्हापासून आतोबा त्याला पाववालो म्हणत आणि शनिवारी सर्वांत आधी विचारत, "पाववालो बरो आसा मा?"

पावसाळा सुरू झाला आणि किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या गेल्या. त्याच दिवशी आतोबांनी खेळातले आरमारही वर ओढले. बंदराच्या बाजूला जहाजे ठेवायच्या शाकारलेल्या जागा असतात, तिथे एकूण एक गलबत नेऊन ठेवले. आमच्याकडे वर घेतलेल्या होडीवर माडाच्या झावळांची विणलेली झापे घालतात. खेळात त्यांची सोय नव्हती, याची मात्र त्यांना रुखरुख लागली. "खांब इतके बरे बांधतत, आणि झापां नाय?"

आणि नेमके श्रावणात इराणने रोमच्या बंदराला वेढा घातला. समुद्राकडून मदत गेली तरच बंदर वाचणार होते, आणि आमच्या गटात समुद्रात लढेल असे आरमार एकट्या आतोबांचे. मी शनिवारी पोचले तेव्हा निरोपांचा खच पडला होता. शेवटचा मिसरचा होता: उद्यापर्यंत जहाजे पाठवा, नाहीतर गट सोडा. मी तो वाचून दाखवला. आतोबा समोरच्या खवळलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "नारळ दिल्याशिवाय दर्यात होडी नाय. लिही."

नारळी पौर्णिमा अजून पुढे होती. मी म्हटले, "आतोबा, पाववाल्याचा बंदर जातला. आणि फोनात खंय पाऊस पडता?"

"माका म्हायत आसा गो. मी काय खुळो झालंय?" त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, आरमाराच्या चित्रावर बोट ठेवले आणि पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक आरमाराला एक कप्तान असतो, आणि त्याला आपल्याला हवे ते नाव देता येते. तिथे लिहिले होते, जानू.

"हेका कसो धाडू, सांग?"

जानू हा त्यांचा धाकटा भाऊ. तो मी जन्मायच्या आधी गेला. दर्याला नारळ द्यायच्या आदल्या दिवशी, पाणी निवळले आहे असे म्हणून तो होडी घेऊन बाहेर पडला, तो परत आलाच नाही. मला हे आईने सांगितले होते. या घरात त्याचे नाव मी कधी ऐकले नव्हते. आत आत्याच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच आदरणीय महोदय न घालता लिहिले. आमच्याकडे समुद्र केव्हा उघडतो, तो तसा का उघडतो, आणि कप्तान जानू कोण, ते जसे सुचले तसे. मग रोमचे उत्तर आले: जहाजे वरच ठेवा. बंदर मी परत बांधीन.

दुसऱ्या दिवशी बंदर पडले. आतोबांनी ताटावर बसून भात नुसता चिवडला. "पाववाल्याचा घर गेला गो," ते म्हणाले, आणि आत्याने त्यांच्या ताटात आणखी थोडे कालवण वाढले. मिसरने गट सोडायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

नारळी पौर्णिमेला मी रजा काढून गेले. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर आला, आतोबा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून हात जोडत राहिले, आणि मग आम्ही दोघे वर ओढलेल्या एका होडीच्या सावलीत बसलो. ऊन मऊ पडले होते. समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाभोवती पाणी इतके शांत, की ते फोनमधले की समोरचे, असा भ्रम व्हावा. आतोबांनी मनाशी काही पुटपुटून आरमार सोडले. गलबते पांढरी शिडे उघडून, पडलेले बंदर सोडवायला रोमच्या दिशेने निघाली. ती पोचेपर्यंत पडद्यावरून आमची नजर हटली नाही.

बंदर सुटले. पाववाल्याचा आनंद पडद्यावर मावेना. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. ती मी मनात वाचली, आणि आतोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"बुडालो?"

मी होकारार्थी मान हलवली. बुडालेल्या कप्तानाचे पुढे काय होते, ते मला माहीत नव्हते. आतोबांचा कप्तान आजवर कधी बुडालाच नव्हता, त्यामुळे त्यांनाही नव्हते. "नारळ दिललो मा," ते एवढेच म्हणाले. तेही मला नव्हे. मी म्हटले, घरी जाऊया. ते उठले नाहीत. खऱ्या होड्या लांबवर ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, आणि ते त्यांच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. सूर्य टेकायला आला तेव्हा फोन मांडीवर थरथरला.

"वाच."

"कप्तान जानू बंदरात परत आला आहे."

"परत वाच गो."

मी परत वाचले. त्यांनी फोन घेतला, सदऱ्याने पुसला, खिशात ठेवला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. वाळूतून चालताना त्यांचा हात हलका लागत होता. घरी आत्या दारात दिवा लावत होती. आतोबा खळ्यातच थांबले आणि म्हणाले, "जानू इलो."

मला वाटले, आता ती हसणार. आत्याने वात सारखी केली, आमच्या मागच्या रिकाम्या पुळणीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "इलो तर भायर कित्याक उभो? पाय धुवन भितर ये म्हणान सांगा."